विवाहिता आणि मराठी कथा



आपल्या जुन्या कथावाङ्मयांतील विवाहित स्त्री म्हटली कीं डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती छळ सोसणारी सून. सासूचा जाच, नणंदेची टोचणी, नवऱ्याचें व्यसन, सवत, वैधव्य, केशवपन हा सारा संभार आपल्या गोष्टींनीं इतका वापरला आहे, कीं त्यापलीकडे या स्त्रीला कांहीं दुःख असूं शकेल, असें पुष्कळ वाचकांच्या मनांतही येत नसे. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती गोष्ट निराळी आहे. घरांत अन्नवस्त्राची ददात नाहीं, कोणी अंगावर हात टाकीत नाहीं, नवरा सुशील आहे, प्रसंगीं प्रेमळही आहे. आणि तरी त्या घरांतल्या स्त्रीला आपलें आयुष्य आपल्या इच्छेनें जगावेंसें वाटतें. छळाविरुद्धची तक्रार वेगळी आणि स्वातंत्र्याची ओढ वेगळी. मराठी कथेला हा भेद उमगावयास सुमारें पन्नास वर्षें लागलीं. एवढा काळ कां लागला, याचा शोध घेऊं लागलें असतां माझें लक्ष वारंवार एकाच जागीं जाऊन अडकलें, आणि ती जागा म्हणजे गोष्टीचा शेवट. अशा स्त्रीची गोष्ट सुरू करणें सोपें असतें. ती संपवावयाची कशी, येथें लेखकाची लेखणी अडते.

या ओढीचें अगदीं नितळ उदाहरण पाहावयाचें तर क्षणभर परदेशीं जावें लागेल. केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेनें १८९४ सालीं एक चिमुकली गोष्ट लिहिली. त्याच वर्षीं डिसेंबरांत ती 'व्होग' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. दोनतीन पानांचा तो मजकूर आहे आणि गोष्ट घडते तीही एका तासांत. मिसेस मॅलर्ड या हृदयविकार असलेल्या तरुण स्त्रीला बातमी मिळते, कीं आगगाडीच्या अपघातांत तिचा नवरा गेला. ती बहिणीच्या कुशींत रडते, मग एकटी आपल्या खोलींत जाऊन दार लावून घेते व उघड्या खिडकीपाशीं बसते. बाहेर वसंत ऋतु आहे, झाडांना पालवी फुटली आहे, खालीं रस्त्यावर फेरीवाला ओरडतो आहे. आणि हळूहळू, जवळजवळ तिच्या इच्छेविरुद्ध, तिच्या ध्यानांत येतें, कीं येथून पुढचीं सारीं वर्षें आपलीं स्वतःचीं आहेत. नवरा दुष्ट नव्हता, त्यानें तिच्याकडे कधीं प्रेमावांचून पाहिलें नव्हतें, हें लेखिका मुद्दाम सांगते. इतक्यांत दार उघडून नवराच आंत येतो. तो अपघाताच्या जागीं नव्हताच. त्याला पाहतांच ती कोसळते. वैद्य म्हणतात, अत्यानंदानें हृदय थांबलें.

शोपॅनचे वडील १८५५ सालीं आगगाडीच्याच अपघातांत दगावले होते आणि ती स्वतः १८८२ सालीं विधवा झाली होती. मृत्यूची बातमी घरांत शिरते तेव्हां काय होतें, हें तिनें घरच्या माणसांत पाहिलेलें होतें. तरीसुद्धां शेवट तिलाही मृत्यूनेंच करावा लागला. स्वतंत्र झालेली नायिका पुन्हां त्याच दिवाणखान्यांत नवऱ्याबरोबर चहा घेत बसली आहे, हें चित्र तिला काढवलें नाहीं.

अशी गोष्ट त्या काळीं पुण्यांत लिहितां आली असती काय? मला तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण लेखकांची भीरुता हें नव्हे. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी जवळजवळ त्याच वर्षांतली. १८९० सालीं त्यांनीं काढलेल्या 'करमणूक' साप्ताहिकांतून ती आठवड्याच्या आठवड्याला घरोघरीं जात होती. तिच्यांतील यमूचा नवराही भला आहे, शिकलेला आहे. एकत्र कुटुंबाच्या वाड्यांतून निघून तीं दोघें मुंबईस बिऱ्हाड करतात, आणि तेथें यमूला थोडा मोकळा वारा मिळतो. ती वाचते, चार माणसांत वावरते. मग नवरा मरतो. शोपॅनच्या गोष्टींत प्रेमळ नवऱ्याच्या मृत्यूनें खिडकी उघडते. आपट्यांच्या कादंबरींत प्रेमळ नवऱ्याच्या मृत्यूनें घराचीं दारें, खिडक्या, झरोके सारेंच बंद होतें आणि न्हाव्याचा वस्तरा पुढें येतो. ज्या समाजांत वैधव्य हें विवाहाहून भयंकर होतें, त्या समाजांतल्या स्त्रीला 'मी एकटी असतें तर' असें स्वप्नसुद्धां पाहणें शक्य नव्हतें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झालेला होता हें खरें. पण अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९३ सालीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला तेव्हां त्यांना गांवानें बहिष्कृत केलें, यावरून त्या कायद्याची मातबरी किती होती तें कळतें. तेव्हां यमूचें स्वातंत्र्य नवऱ्यानें दिलेलें होतें आणि तें नवऱ्याबरोबरच गेलें.

कथेंत जें लिहितां आलें नाहीं, तें त्याच सुमारास मुंबईच्या उच्च न्यायालयांत प्रत्यक्ष बोललें गेलें होतें. रखमाबाईंचा खटला श्रोत्यांपैकीं अनेकांना ठाऊक असेल, तरी त्याच्या तारखा पुन्हां एकदां डोळ्यांखालून घालण्यासारख्या आहेत. वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लागलें. लग्नानंतर त्या आपले सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याच घरीं राहिल्या, तेथें वाचूं लागल्या, विचार करूं लागल्या. १८८४ सालीं दादाजींनीं फिर्याद लावली, कीं माझी बायको मला नांदावयास मिळावी. १८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्ही यांनीं ती फिर्याद काढून टाकली. पुढें अपिलांत प्रकरण फिरलें, आणि १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं निकाल दिला, कीं रखमाबाईंनीं महिन्याच्या आंत नवऱ्याच्या घरीं जावें, न जातील तर सहा महिने कैद. त्यांनीं कैद पत्करीन असें कळविलें. केसरीनें त्यांच्यावर कोरडे ओढले, मलबारींसारख्यांनीं त्यांची बाजू घेतली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलें. दुसऱ्या वर्षीं त्या विलायतेस गेल्या आणि १८९४ सालीं, म्हणजे शोपॅनची गोष्ट छापली गेली त्याच सालीं, डॉक्टर झाल्या. पुढें सुरतेस व राजकोटास त्यांनीं दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

दादाजींची गरिबी, त्यांची प्रकृति, त्यांची चालचलणूक यांविषयीं न्यायालयांत पुष्कळ बोलणें झालें. परंतु त्या साऱ्याच्या तळाशीं एकच म्हणणें होतें: अजाण वयांत माझ्या संमतीवांचून झालेल्या लग्नानें माझ्या देहावर दुसऱ्याचा हक्क निर्माण होत नाहीं. छळाचा पुरावा न मागतां, केवळ 'मला जावयाचें नाहीं' एवढ्यावर उभी राहिलेली ही आपल्याकडील पहिली मोठी आरोळी. आणि खटला चालूं असतां १८८५ सालीं टाइम्स ऑफ इंडियांत बालविवाहावर जीं पत्रें त्यांनीं लिहिलीं, तीं 'एक हिंदु स्त्री' या टोपणनांवानें. टोपणनांवाची ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

त्याच्या आधीं आमच्या विदर्भांत, बुलढाण्यास, ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुष तुलना' हें छोटें पुस्तक लिहिलें होतें. १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत त्याच्या पांचशें प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनीं सरसकट स्त्रीजातीवर जी चिखलफेक चालविली होती, तिला तें उत्तर होतें. ताराबाईंची भाषा झणझणीत आहे. शाळेंत वाचून दाखवावी तर मुलें हसून लोळतील आणि मुली खालीं पाहूं लागतील. पण माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें असें कीं त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवितात, याची झडती त्यांनीं घेतली. कथेंतली पतिव्रता ही पुरुषांनीं आपल्या सोयीनें घडविलेली बाहुली आहे, हें मराठींत त्यांच्याइतकें स्पष्ट आधीं कोणी म्हटलें नव्हतें. पुस्तक पुढें विस्मृतींत गेलें. स. गं. मालशे यांनीं तें शोधून १९७५ सालीं पुन्हां छापलें, तेव्हां कोठें तें पंडितांच्या टेबलावर आलें.

मधल्या काळांतील कथा पाहिल्या तर स्त्रीविषयीं कळवळा पुष्कळ आढळतो. करमणुकींतील स्फुट गोष्टी, १८९५ सालीं का. र. मित्र यांनीं काढलेलें 'मनोरंजन', त्यांतल्या संसारकथा, या सर्वांनीं मध्यम वर्गाच्या घरांत वाचनाची गोडी लावली हें त्यांचें ऋण आहे. काशीबाई कानिटकरांसारखी लेखिका याच काळांतली. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांना ती नको होती; या कात्रींत त्या चोरून वाचावयास शिकल्या. त्यांच्या एका पुस्तकाचें नांवच 'शेवट तर गोड झाला' असें आहे. मला तें नांव फार बोलकें वाटतें. त्या काळच्या संसारकथेला दोनच शेवट ठाऊक होते: एक तर गोड शेवट, म्हणजे नवरा वळणावर येतो किंवा सासू विरघळते, नाहीं तर मृत्यु. घरांत राहून मनानें निराळी झालेली स्त्री किंवा घर सोडून जिवंत राहिलेली स्त्री, हे दोन शेवट अजून कोणाच्या लेखणींतून उतरले नव्हते.

दुसरा शेवट बंगालनें प्रथम लिहिला. रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' ही कथा १९१४ सालीं 'सबुज पत्र' मासिकांत आली. मृणाल ही कलकत्त्याच्या एका मोठ्या कुटुंबांतली मधली सून. पंधरा वर्षांच्या संसारानंतर ती जगन्नाथपुरीहून नवऱ्याला पहिलेंच पत्र लिहिते, आणि तीच सबंध कथा. तिचा नवरा मारकुटा नाहीं. घर खाऊनपिऊन सुखी आहे. ती चोरून कविता करीत असे, हें तिच्या मरेपर्यंत त्या घरांत कोणाला कळलें नसतें. जावेची अनाथ बहीण बिंदु हिला एका वेड्याच्या गळ्यांत बांधतात, ती पळून येते, तिला पुन्हां परत धाडतात, आणि शेवटीं ती स्वतःला जाळून घेते. हें पाहिल्यावर मृणाल ठरवते, कीं आपण त्या गल्लींत परत जावयाचें नाहीं. आणि ती लिहिते तें असें, कीं मी जीव देणार आहें असें समजूं नका. मीराबाईही जगलीच होती. समुद्राच्या काठीं जिवंत उभी असलेली ही नायिका. पत्राखालीं ती स्वतःला नवऱ्याच्या चरणांचा आश्रय सुटलेली अशी म्हणवते. रवींद्रनाथांना हा शेवट सुचला याचें एक कारण असें, कीं आपल्याकडे घर सोडणाऱ्या स्त्रीला तीर्थक्षेत्राची वाट जुनीच होती. त्यांनीं त्या वाटेवरून प्रायश्चित्त तेवढें काढून टाकलें.

मराठींत मनाच्या आंत शिरणारी कथा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत आली. दिवाकर कृष्णांचा 'समाधि व इतर सहा गोष्टी' हा संग्रह १९२७ सालचा. घटनेपेक्षां मनःस्थितीला महत्त्व देण्याचें वळण त्यांनीं घालून दिलें आणि त्यांच्या स्त्रिया हळुवार आहेत. पण त्यांची वेदना बाहेरून पाहणाऱ्या सहृदय पुरुषानें टिपलेली आहे, हें वाचतांना विसरतां येत नाहीं.

मग १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' आलें.

ह. वि. मोटे यांनीं तें प्रकाशित केलें. लेखिकेचें नांव विभावरी शिरूरकर. हें नांव कोणाचें, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. पुस्तक बाहेर पडतांच पुण्या-मुंबईच्या घरांत, मासिकांत, सभांत जें वादळ उठलें त्याचीं वर्णनें आज वाचतांना गंमत वाटते. पण त्या दिवसांत ज्या बाईवर संशय होता तिला गंमत वाटली नसेल. असें कोणी बाई लिहील हेंच अनेकांना खरें वाटेना. हा कोणी पुरुष बुरखा घेऊन बोलतो आहे, अशीही कुजबूज झाली. वास्तविक त्या होत्या बाळूताई खरे, जन्म १९०५ चा, अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेंत शिकलेल्या आणि पुढें शिक्षिका झालेल्या. १९३८ सालीं विश्राम बेडेकरांशीं विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांचे वडील शिक्षक होते. मुलींना शिकविण्याच्या हट्टापायीं त्यांनीं काय सोसलें, हें मालतीबाईंनीं पुढें १९५३ सालीं 'खरेमास्तर' या पुस्तकांत सांगितलें आहे. आम्हां मास्तर मंडळींविषयीं मराठींत जें थोडें चांगलें लिहिलें गेलें आहे, त्यांत मी त्या पुस्तकाला वरचें स्थान देतों.

कळ्यांच्या निःश्वासांत लोकांना खुपलें तें काय? त्यांतल्या पुष्कळशा नायिका अविवाहित आहेत, शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत. तेव्हां प्रथमदर्शनीं वाटेल, कीं विवाहितेच्या स्वातंत्र्याशीं या पुस्तकाचा संबंध काय. माझ्या मतें सगळा संबंध तेथेंच आहे. या मुलींना विवाह नको आहे असें नव्हे. त्यांना तो हवा आहे, देहानेंही हवा आहे, आणि हें त्या मोकळेपणानें बोलतात. परंतु विवाहाच्या दाराशीं उभें राहून आंत डोकावतांना त्यांना दिसतें, कीं आंत गेल्यावर आपली इच्छा बाहेर ठेवावी लागणार. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेचें नांवच पाहा. मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालतें, म्हणून तिचें लग्न लांबतें. म्हणजे बापाच्या घरीं ती नवऱ्याची जबाबदारी उचलते आणि हक्क मात्र कोठलाच नाहीं. या प्रश्नाला शेवट नाहीं म्हणून लेखिकेनें शेवट केलाच नाहीं. निःश्वास टाकून ती थांबते. आजवर गोड शेवट किंवा मृत्यु एवढेंच मागणाऱ्या वाचकाला हें थांबणें सहन झालें नाहीं, आणि मला वाटतें त्या वादळाचें अर्धें कारण हेंच होतें. अश्लीलतेचा आरोप सोयीचा होता इतकेंच.

दुसऱ्याच वर्षीं, १९३४ सालीं, त्यांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. तिची नायिका अचला ही नवऱ्यापासून वेगळी राहणारी विवाहिता. दुसऱ्या पुरुषाशीं तिचें मन जुळतें. पण लग्न मोडतां येत नाहीं म्हणून पुन्हां लग्न करतां येत नाहीं. अचलेच्या गोष्टीला गांठ पडते ती कायद्याची.

येथें थोडें थांबून कायद्याकडे पाहिलें पाहिजे, कारण लेखक शेवट कसा करतो हें बरेंचसें त्यावर अवलंबून असतें. धर्मशास्त्राप्रमाणें लागलेलें हिंदु लग्न मोडण्याची वाट ब्रिटिश मुलखांत नव्हती. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं घटस्फोटाचा कायदा केला. म्हणजे अचला बडोद्याची असती तर तिची कादंबरी निराळी झाली असती. मुंबई प्रांतांत तसा कायदा १९४७ सालीं झाला. साऱ्या देशाला तो मिळाला १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत रखमाबाई वारल्या. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला कैद करण्याची तरतूद तेवढी १९२३ सालींच गेली होती. मात्र ज्या मागणीवर दादाजींनीं फिर्याद लावली, ती नांदावयास धाडण्याची मागणी १९५५ च्या कायद्यांत नवव्या कलमाच्या रूपानें तशीच राहिली. ती नवऱ्याप्रमाणें बायकोलाही करतां येते. १९८३ सालीं आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयानें हें कलम घटनेविरुद्ध ठरविलें, पण दुसऱ्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें एका निराळ्या खटल्यांत तें वैध धरलें.

या मधल्या काळांत विदर्भानें एक मोठी लेखिका दिली, तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कुसुमावती देशपांडे अमरावतीच्या. नागपुरास महाविद्यालयांत त्या शिकवीत, आणि पुढें आकाशवाणींतही त्यांनीं काम केलें. त्यांचा आणि कवि अनिलांचा विवाह १९२९ सालीं झाला, तो वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहारानंतर. तीं पत्रें 'कुसुमानिल' या नांवानें १९७२ सालीं छापलीं गेलीं. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' या त्यांच्या संग्रहांत बंड नाहीं, आरोळी नाहीं, कथानकसुद्धां बेताचेंच. पण घटनेवांचून कथा उभी राहूं शकते हें त्यांनीं दाखविलें, आणि त्यामुळें शेवटाची अडचणच निम्मी झाली. १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

कायद्यानें बाहेर पडण्याची वाट दिल्यावर कथेंतलें दुःख संपावयास हवें होतें. झालें उलटें. वाट आहे, तरी स्त्री बाहेर पडत नाहीं, किंवा पडली तरी सुखी होत नाहीं. मग तिला हवें आहे तरी काय, हा प्रश्न प्रथमच उघडा पडला. गौरी देशपांडे यांचीं 'एकेक पान गळावया' यांतील दीर्घकथा १९८० सालीं पुस्तकरूपानें आल्या. गौरीबाई या अण्णासाहेब कर्व्यांच्या नात, इरावतीबाईंच्या कन्या. एका पिढीला आजोबांनीं शाळा दिली, आणि त्यांच्या नातीनें शिकलेल्या, सवरलेल्या, परदेश पाहिलेल्या बाईची घुसमट लिहिली. त्या संग्रहांतील एका कथेचें नांव 'कारावासांतून पत्रें' असें आहे. कारावास कोठला, तर बाहेरून पाहणाऱ्याला जो संसार दिसतो तोच. शोपॅनच्या खिडकीपाशीं मराठी कथा आली ती येथें. पुष्कळ वाचकांनीं तेव्हां नाकें मुरडलीं, कीं हीं सगळीं भरल्या पोटाचीं दुःखें. मला तो आक्षेप कोता वाटतो. पोट भरल्यावरही जें उरतें, तें खरें कीं खोटें हेंच तर पाहावयाचें होतें.

आतां शहरांतील श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, कीं कुरखेड्यासारख्या रानांतल्या गांवीं उभी हयात काढलेल्या मास्तरानें पुण्या-मुंबईच्या बायकांची उठाठेव कां करावी? कारण आहे. आमच्या गांवाजवळून वाहणाऱ्या नदीचें नांव सती. पण तिच्या दोन्ही तीरांवर ज्या गोंड कुटुंबांची वस्ती आहे, त्यांच्या रीतीरिवाजांत विधवेनें जन्मभर कुढत बसावें असें कधींच नव्हतें. हा मुलूख पूर्वीं चांदा जिल्ह्यांत होता. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. रसेल आणि हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जे चार खंड १९१६ सालीं प्रसिद्ध केले, त्यांत गोंडांविषयींचें प्रकरण फार मोठें आहे. विधवेचा पुन्हां संसार थाटणें, नवराबायकोंचें न पटल्यास पंचांसमक्ष फारकत, सासऱ्याच्या घरीं राबून बायको मिळविणारा लमसेना, हें सारें तेथें नोंदलेलें आहे. शेतकरी व कारागीर जातींतही पाट आणि काडीमोड या गोष्टी नवलाच्या नव्हत्या. १९५५ च्या कायद्यानेंही रूढीनें चालत आलेली फारकत मान्य केली, आणि अनुसूचित जमातींना तर त्या कायद्याच्या बाहेरच ठेवलें.

म्हणजे ज्या शेवटासाठीं मराठी कथा अर्धशतक चाचपडत होती, तो शेवट आमच्या रानांत पंचांच्या पारावर तयार होता. येथली अचला दुसऱ्या पुरुषाच्या घरीं उजळ माथ्यानें नांदली असती. मग तिची गोष्ट मराठींत कां नाहीं? कारण ती लिहिणारीला अक्षर येत नव्हतें, आणि ज्यांना अक्षर येत होतें त्यांना तिच्यांत गोष्ट दिसली नाहीं. आपण ज्याला स्त्रीमनाचा इतिहास म्हणून वाचतों, तो बहुतांशीं ज्या घरांत दार नव्हतें त्या घरांतला इतिहास आहे. मी हें निंदेनें म्हणत नाहीं. बंद घरांतूनच हांक मोठ्यानें येते. परंतु शहरांतील वाचकानें कथासंग्रह मिटून ठेवतांना एवढें ध्यानांत घ्यावें, कीं त्याच वेळीं मोहफुलें वेचणारी, तेंदूपानांचे पुडे बांधणारी, स्वतःच्या मजुरीचे पैसे स्वतःच्या हातांत घेणारी एक विवाहिता या प्रांतांत होती, आणि ती कोणाच्या कथेंत आली नाहीं.

तिला जणूं कांहीं कमी नव्हतें असें मात्र मी म्हणणार नाहीं. अरण्यांतल्या स्त्रीच्या मोकळेपणाचीं काव्यमय वर्णनें करणारे पाहुणे मीं पुष्कळ पाहिले; ते दोन दिवस राहून जातात. नवऱ्याच्या दारूनें मजुरीचा पैसा आणि अंगाचें कातडें दोन्ही जात, हें त्यांना दिसत नसे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली, ती मिळविण्याच्या चळवळींत गांवोगांवच्या बायका उतरल्या होत्या. विभावरीबाईंची नायिका निःश्वास टाकून थांबली. या बायका भट्टीपुढें जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या झाडीपट्टींत दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रात्रीमागून रात्री नाटकें चालतात, हजारों माणसें थंडींत पहाटेपर्यंत बसतात, आणि त्यांत गांजलेली सून आजही हमखास टाळ्या आणि आसवें घेते. तो जुनाच साचा आहे, छळाचा. पंचांपुढें उभी राहून 'याच्यांत वाईट कांहीं नाहीं, पण मला येथें राहावयाचें नाहीं' असें म्हणणारी बाई त्या मंडपांत अजून माझ्या पाहण्यांत आलेली नाहीं.

आणि पारावरच्या त्या फारकतींतही एक खोंच होती. बाई एक घर सोडून दुसऱ्या घरीं गेली, तर पहिल्या नवऱ्याचा लग्नांत झालेला खर्च दुसऱ्यानें भरून द्यावा, असा रिवाज होता. देणारा पुरुष, घेणारा पुरुष, ठरविणारे पंचही पुरुष. मुंबईच्या उच्च न्यायालयांत मोठमोठे बॅरिस्टर उभे राहिले, विलायतेपर्यंत गाजावाजा झाला, शास्त्रें पालथीं घातलीं गेलीं; पण १८८८ सालीं जे दोन हजार रुपये मोजले गेले, ते तेथेंही दादाजी भिकाजींच्याच हातांत पडले.